बार नेमका कुठे टेकतो? स्थूल शरीर, वजन घटल्यानंतरचे शरीर आणि रोलर कोस्टर : एक प्रकरण अभ्यास

मनोरंजन उद्यानातील कोणत्या राइडवर आपल्याला बसता येईल, या प्रश्नाचे उत्तर स्थूल व्यक्ती बहुधा वजनकाट्यावर शोधतात. ते उत्तर किती अपुरे असते, हे पुढील प्रकरणातून दिसते. ते एका विशिष्ट कुटुंबाचे नसून अनेकांना वारंवार येणाऱ्या अनुभवांवर बेतलेले आहे. त्यातील माणसे काल्पनिक आहेत, यंत्रांची वागणूक मात्र खरी आहे.

परिस्थिती

प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या महिलेचे वय 43 वर्षे, उंची 161 सेंटीमीटर आणि वजन 118 किलो होते. शरीराचा बहुतांश भार पोट आणि मांड्यांभोवती होता. सोबत त्यांची दोन किशोरवयीन मुले आणि धाकटा भाऊ होता. भावाची उंची 186 सेंटीमीटर आणि वजन 139 किलो असून खांदे रुंद, छाती भरदार आणि पाय लांब होते. बहिणीपेक्षा तो 21 किलोंनी जड होता, हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

सकाळी चौघेही उंच टेकड्यांच्या, पण प्रवाशाला कुठेही डोके खाली करून न नेणाऱ्या एका रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिले. अशा राइडवर खांद्यांवरून येणारे हार्नेस, म्हणजे धड जखडणारी चौकट, नसते, मांड्यांवर टेकणारा लॅप बार तेवढा असतो. तासाभराच्या प्रतीक्षेनंतर सर्वजण गाडीत बसले आणि बार खाली आले. भावाचा बार सहज खटके घेत बसला, बहिणीचा मात्र पोटाशी अडला. ऑपरेटरने तो दोनदा दाबून पाहिला, परंतु आवश्यक पातळी गाठल्याची खूण नियंत्रण फलकावर उमटली नाही. गाडी थांबलेली, मागच्या रांगेतील लोक पाहत असलेले, आणि ऑपरेटरचे शब्द असे : “तुमचं वजन जास्त आहे, तुम्हाला उतरावं लागेल.”

“ताई, मीही उतरतो,” भाऊ म्हणाला.

“नको, तू बस. मुलं एकटी कशाला जातील?” असे म्हणून त्या उतरल्या आणि बाहेर पडण्याच्या जिन्याने खाली आल्या.

दुपारी कुटुंब दुसऱ्या कोस्टरकडे वळले. हा उलटा फिरणारा असल्यामुळे त्याला खांद्यांवरून छातीवर येणारे जाड हार्नेस होते आणि हार्नेसच्या खालच्या टोकापासून आसनापर्यंत जोडला जाणारा एक पट्टा होता. सकाळच्या अनुभवानंतर बहिणीने न बसण्याचे ठरवले होते, मुलांनी फार गळ घातली म्हणून त्या बसल्या. त्यांचे हार्नेस बंद झाले आणि पट्टाही लागला. भावाचे हार्नेस मात्र छातीवर अडले आणि पट्टा चार बोटे कमी पडला, म्हणून या वेळी त्याला उतरावे लागले.

कुटुंबाने या दोन घटनांचा एकत्र विचार केलाच नाही. बहिणीने सकाळचे वाक्य मनाशी पक्के केले, दुपारचे यश योगायोग मानले आणि त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल सांभाळत खाली बाकावर बसण्याची जबाबदारी स्वतःहून घेतली. भावाने दुपारचा प्रसंग आपल्या उंचीच्या माथी मारला. दोघांचेही निष्कर्ष अर्धवट होते.

बार काय मोजतो

लॅप बारला वजन कळत नाही. त्याला इतकेच कळते की आपण ठरलेल्या किमान कोनापर्यंत खाली आलो आहोत की नाही. काही बार दातेरी पट्टीवर खटक्या-खटक्याने उतरतात, तर काही हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, असल्यामुळे कोणत्याही बिंदूवर थांबू शकतात. दोन्ही प्रकारांत एक किमान मर्यादा असते आणि तिच्या अलीकडे बार थांबला तर गाडी सुटू नये अशी रचना असते. ही मर्यादा ठरवताना निर्मात्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : बार पोटावर नव्हे, तर मांड्यांच्या वरच्या भागावर, ओटीपोटाच्या हाडांच्या अगदी जवळ टेकला पाहिजे.

या अटीमागे टेकडीच्या माथ्यावर घडणारी गोष्ट आहे. गाडी वेगाने माथा ओलांडते तेव्हा रूळ खाली वळतो, पण शरीर मात्र आधीच्याच दिशेने जाऊ पाहते. बसलेल्याला आपण आसनातून उचलले जात आहोत असे वाटते आणि या राइडची खरी मौज त्या क्षणातच असते. प्रवेगाचे मूल्य उणे 1 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) असेल तर शरीर स्वतःच्या वजनाइतक्याच जोराने वर ढकलले जाते, म्हणजे 118 किलोच्या व्यक्तीचा बारवर येणारा दाब तितक्याच किलोंच्या भाराएवढा असतो. त्या क्षणी बार हाडांच्या सांगाड्याला अडवत असेल तर व्यक्ती जागेवर राहते. तो पोटाच्या मऊ भागावर टेकलेला असेल तर चरबी दबते, बाजूला सरकते आणि फलाटावर अतिशय घट्ट वाटणाऱ्या बारखाली अचानक मोकळी जागा तयार होते. म्हणून घट्ट वाटणे आणि जखडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “मला तर श्वासही घेता येत नव्हता, मग असुरक्षित कसे?” ही अनेक स्थूल व्यक्तींची तक्रार प्रामाणिक असते. तिचे उत्तर असे की, श्वास कोंडणे हेच बार चुकीच्या ठिकाणी टेकल्याचे लक्षण असते.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. 2004 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका उंच कोस्टरवरून एक पुरुष फेकला जाऊन मरण पावला. त्याचा टी आकाराचा बार मांड्यांपर्यंत न पोहोचता पोटाशी अडला होता. 2013 मध्ये टेक्सासमधील ‘टेक्सास जायंट’ या कोस्टरवरून एक महिला फेकली गेली. त्या गाडीत लॅप बार होते, पण पट्टे नव्हते. काही आठवड्यांनी राइड पुन्हा सुरू झाली तेव्हा पट्टे बसवलेले होते, बारच्या गाद्यांची रचना बदललेली होती आणि प्रवेशद्वाराशी बसून पाहण्यासाठी एक नमुना आसन ठेवलेले होते. 2022 च्या मार्चमध्ये फ्लोरिडातील ‘ऑर्लँडो फ्रीफॉल’ या, आसने उंचावरून खाली सोडणाऱ्या मनोऱ्यावर आसनातून पडून 14 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. निर्मात्याच्या पुस्तिकेतील कमाल वजन 130 किलो होते आणि मुलाचे वजन 170 किलोंहून अधिक होते. तपासात असे आढळले की दोन आसनांचे सेन्सर हाताने बदलून ठेवलेले होते. त्यामुळे हार्नेस आणि आसन यांच्यातील फट नेहमीपेक्षा बरीच मोठी असतानाही यंत्रणेने आसन सुरक्षित असल्याचा दिवा लावला.

या तिसऱ्या घटनेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अधिक लोकांना सामावून घेण्याची इच्छा चांगलीच आहे, पण ती आसनाची रचना बदलून पूर्ण करायची असते. फट मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा सैल करणे म्हणजे सामावून घेणे नव्हे. आपल्याला कोणत्याही परिस्थितीत बसवून घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या ग्राहकानेही हे ध्यानात ठेवावे. ज्या ऑपरेटरने सकाळी या महिलेला उतरवले, त्याचा निर्णय अचूक होता, चुकले ते त्याचे वाक्य. “बार सुरक्षित पातळीपर्यंत येत नाही” एवढेच तो म्हणाला असता तर ते तांत्रिकदृष्ट्या खरे ठरले असते आणि त्या महिलेने पुढची काही वर्षे बाकावर घालवली नसती.

जड भाऊ बसला आणि हलकी बहीण का अडली

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहू. बसल्यावर मांडीच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत जी मोकळी सपाट जागा उरते, ती लॅप बारच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असते. भावाच्या लांब मांड्यांमुळे पोट असूनही त्याच्याकडे ही जागा भरपूर होती. बहिणीची उंची कमी असल्यामुळे बसल्यावर पोट मांड्यांच्या बऱ्याच भागावर येई, शिवाय मांड्यांची जाडी बारला खालूनही अडवी. उभे असताना मोजलेला कंबरेचा घेर येथे फसवा ठरतो, कारण बसल्यावर तो वाढतो आणि पुढच्या बाजूला सरकतो.

खांद्यांवरून येणाऱ्या हार्नेसचा हिशेब वेगळा असतो. त्याला छातीची जाडी, खांद्यांची रुंदी आणि धडाची उंची यांच्याशी देणेघेणे असते. धड लांब असेल तर हार्नेस खांद्यांवरच अडते आणि छाती भरदार असेल तर ते पुढे उभे राहते. भावाच्या बाबतीत हे दोन्ही घडले. बहिणीचे धड लहान होते आणि पोट हार्नेसच्या कडेखाली राहत होते, म्हणून त्यांना अडचण आली नाही. त्यांनी योगायोग मानलेले यश म्हणजे साधी भूमिती होती.

रचनेचा हा फरक राइडच्या वेगाशी किंवा उंचीशीही जुळत नाही. 2010 मध्ये ऑर्लँडो येथील ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’मध्ये सुरू झालेली ‘हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी’ ही राइड यंत्रमानवाच्या बाहूवर बसवलेल्या आसनांची आहे. सुरुवातीला तेथे मोठ्या बांध्याच्या इतक्या पाहुण्यांना नकार मिळाला की पुढे काही आसनांत बदल करावे लागले. 2023 मध्ये हॉलिवूडच्या ‘युनिव्हर्सल स्टुडिओज’मध्ये सुरू झालेल्या मारिओ कार्ट राइडबाबत तर उद्यानानेच सूचना दिली होती की 40 इंच किंवा त्याहून अधिक कंबर असलेल्यांना कदाचित बसता येणार नाही. ती राइड संथ आहे आणि लहान मुलेही तिच्यात बसतात. 40 इंच म्हणजे सुमारे 102 सेंटीमीटर, आणि असंख्य प्रौढ पुरुषांची कंबर त्याहून मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगात 89 कोटींहून अधिक प्रौढ लठ्ठपणाच्या श्रेणीत होते, हे लक्षात घेता नवी राइड इतक्या अरुंद मापात बांधणे हा नियोजनातील दोषच म्हणावा लागेल. उलट, कित्येक उंच आणि वेगवान कोस्टरच्या आसनांत बऱ्यापैकी सैल जागा असते. “आधी लहान राइडवर बसून बघू, जमले तर मोठीवर जाऊ” हा स्वाभाविक वाटणारा क्रम त्यामुळे स्थूल व्यक्तीला चुकीचे उत्तर देऊ शकतो.

वजन हीच खरी मर्यादा असते ती पाण्याच्या घसरगुंड्यांवर. तेथे बार नसतो, घसरणाऱ्याचा वेग आणि शेवटी थांबायला लागणारे अंतर यांचा विचार करावा लागतो. तरंगत्या तराफ्यावर सर्वांचे मिळून वजन आणि त्याचा समतोल पाहिला जातो. अनेक घसरगुंड्यांवर एका व्यक्तीसाठी 300 पौंड, म्हणजे सुमारे 136 किलोंची मर्यादा लिहिलेली आढळते, आणि तेथे वजनकाट्याला सामोरे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

तयारीनिशी दुसरी भेट

काही काळाने मुलांच्या हट्टामुळे पुन्हा उद्यानात जाण्याचे ठरले. या वेळी भावाने उद्यानाच्या संकेतस्थळावरील सुलभतेची माहितीपुस्तिका आधीच वाचून काढली. अशा पुस्तिकांत प्रत्येक राइडसाठी बंधनाचा प्रकार, उंचीच्या मर्यादा आणि शरीराच्या मापांविषयीचे इशारे दिलेले असतात. पुस्तिका उपलब्ध नसेल तर पाहुण्यांच्या सेवा कक्षात चार प्रश्न विचारले तरी बरेच काम होते : बार मांड्यांवर येतो की खांद्यांवरून, तो प्रत्येकाला स्वतंत्र आहे की दोघांना एक, पट्टा आहे का, आणि बसून पाहण्यासाठी नमुना आसन कुठे आहे.

नमुना आसनामुळे या भेटीचे स्वरूप पालटले. ते रांगेच्या सुरुवातीला असते, त्यामुळे नकार मिळायचाच असेल तर तो तासभर उभे राहिल्यानंतर पूर्ण भरलेल्या फलाटासमोर मिळत नाही. बहिणीने सकाळी गर्दी होण्यापूर्वी, पातळ कापडाची विजार घालून आणि खिसे रिकामे करून आसनावर बसून पाहिले. आधीच्या वेळी त्या संकोचाने आसनाच्या काठाशी बसल्या होत्या. या वेळी त्यांनी नितंब पाठीला पूर्ण भिडवले, पाठ सरळ ठेवली आणि श्वास सोडत बार स्वतःच्या हाताने खाली ओढला. बार आधीपेक्षा दोन खटके खाली आला, पण त्या उंच कोस्टरसाठी ते पुरेसे नव्हते. त्या आसनापुरता प्रश्न निकालात निघाला आणि तो चारचौघांत नव्हे, तर एका कोपऱ्यात निघाला. निराशा झाली, अपमान मात्र झाला नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. बसण्याची पद्धत सुधारून बार योग्य जागी आणणे वेगळे आणि पोट बारच्या वर उचलून धरून किंवा श्वास रोखून खूण मिळेपर्यंत शरीर आक्रसणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराने दिवा लागतो, पण पहिल्याच चढावर श्वास घेतल्यावर शरीर मूळ जागी परतते. दातेरी बार असेल तर तो एखाद्या दणक्यात आणखी एक खटका खाली येतो आणि उरलेली फेरी वेदनेत जाते.

भावाची अडचण सुटायला सोपी निघाली. स्वित्झर्लंडमधील ‘बोलिगर अँड माबिलार्ड’ या 1988 साली स्थापन झालेल्या कंपनीच्या अनेक कोस्टरवर ठरावीक ओळींत मोठ्या बांध्याच्या व्यक्तींसाठी बदललेली आसने असतात. नेहमीच्या एका पट्ट्याऐवजी दोन पट्टे असणे ही त्यांची ओळख आहे. त्या उद्यानातील कोस्टर याच जातीचा होता. भावाने फलाटावरील कर्मचाऱ्याला “दोन पट्ट्यांची ओळ कोणती?” एवढेच विचारले आणि कर्मचाऱ्याने काहीही विशेष न घडल्यासारखे त्याला त्या ओळीकडे वळवले. हार्नेस छातीवर आले, दोन्ही पट्टे लागले, गाडी सुटली. पहिल्या भेटीतही ती ओळ तेथेच होती, फक्त विचारले कुणी नव्हते आणि सांगितलेही कुणी नव्हते. ज्या उद्यानात अशी आसने आहेत, त्याने त्या ओळीचा क्रमांक प्रवेशद्वाराशी ठळक लिहायला हरकत कोणती, हे समजणे कठीण आहे.

बहिणीला त्या दिवशी बरेच काही अनुभवता आले : हार्नेसचा कोस्टर, आकाशपाळणा, बाकड्यासारख्या रुंद आसनांच्या बोटीतून फिरणारी राइड आणि वेगळ्या निर्मात्याचा, स्वतंत्र लॅप बार असलेला एक छोटा कोस्टर. एक राइड त्यांनी जाणूनबुजून नाकारली. जुन्या पद्धतीच्या एका लाकडी कोस्टरवर दोन व्यक्तींना मिळून एकच बार होता आणि धाकट्या मुलाला आईशेजारी बसायचे होते. एकत्रित बार शेजारच्या दोघांपैकी मोठ्या शरीरावर थांबतो आणि लहान शरीरावर बरीच पोकळी उरते. येथे धोका स्थूल व्यक्तीपेक्षा तिच्याशेजारच्या हडकुळ्या मुलाला अधिक असतो, आणि नियमाने परवानगी असली तरी पालकाने हे स्वतः ताडून घ्यावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धाकटा मुलगा भावंडासोबत बसला. आई आणि मामा यांनी एकाच बाकावर बसण्याचा प्रयत्न केला नाही.

वजन घटल्यानंतर

त्यानंतर या महिलेने मधुमेह आणि गुडघेदुखी या कारणांसाठी जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढून टाकणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली. राइडवर बसता यावे हा शस्त्रक्रियेचा हेतू नव्हता आणि तो कोणाचाही असू नये. सव्वा वर्षाने वजन 79 किलोंवर स्थिरावले. तिसऱ्या भेटीत त्या ज्या उंच कोस्टरने पूर्वी नाकारले होते त्याच्याच नमुना आसनापाशी येऊन थांबल्या आणि बराच वेळ बसेनात. आपण अजूनही पूर्वीएवढेच मोठे आहोत ही जाणीव मोठ्या प्रमाणावर वजन घटलेल्या अनेकांना दीर्घकाळ सोडत नाही. मेंदूतील शरीराचे चित्र कपड्यांच्या मापाइतक्या वेगाने बदलत नाही. शेवटी त्या बसल्या, आणि सवयीने श्वास सोडून बार ओढला तेव्हा तो मांड्यांवर टेकून आणखी खाली जाऊ लागला, इतका की भावाला म्हणावे लागले, “ताई, बस कर, पाय दुखतील.”

या टप्प्यावर सर्व अडचणी संपल्या असे समजणे स्वाभाविक आहे, परंतु प्रत्यक्षात अडचणींचे फक्त स्वरूप बदलले. पहिली अडचण सैल त्वचेची होती. मांड्यांच्या आणि ओटीपोटाच्या घड्या बारच्या कडेखाली सापडून चिमटा बसतो आणि पहिल्या फेरीनंतर त्यांच्या डाव्या मांडीवर काळेनिळे वळ उठले. अंगाला घट्ट बसणारी, मांड्या झाकणारी लवचीक आतली विजार घातल्यावर पुढच्या फेरीत हा त्रास जवळजवळ नाहीसा झाला. दुसरी अडचण गादीची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या गादीची. पूर्वी चरबी जे दणके झेलत होती, ते आता नितंबांच्या हाडांना थेट जाणवत होते, आणि पूर्वी भरून जाणाऱ्या रुंद आसनात वळणावर शरीर आडवे घसरत होते. हार्नेसच्या कोस्टरवर कानांना दोन्ही बाजूंनी धक्के बसले. डोके मागच्या टेकणाला भिडवून ठेवणे आणि आसनाच्या मुठी धरणे एवढाच त्यावर साधा उपाय आहे. वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर हाडांची घनता कमी होते, हे वैद्यकीयदृष्ट्या ज्ञात आहे. त्यामुळे खडखडणाऱ्या जुन्या लाकडी कोस्टरवर वारंवार फेऱ्या मारणे पूर्वीइतके निरुपद्रवी उरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर होती आणि तिचे मूळ राइडमध्ये नव्हते. दुसऱ्या फेरीनंतर गाडीतून उठताना या महिलेच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भावाने हात दिला नसता तर त्या फलाटावर कोसळल्या असत्या. जठर लहान झाल्यामुळे एका वेळी घोटभरच पाणी पिता येते आणि उन्हात रांगेत उभे राहिलेल्या माणसाला ते पुरत नाही. त्यात भर म्हणजे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा अनेक महिने तपासलीच गेली नव्हती. वजन उतरते तसा रक्तदाबही बहुधा उतरतो आणि जुन्या वजनाला ठरवलेली मात्रा नव्या शरीराला जास्त होऊ शकते. पुढे डॉक्टरांनी ती कमी केली. त्या दिवसापुरता उपाय इतकाच होता की दर थोड्या वेळाने घोट-घोट पाणी घ्यायचे, राइड थांबल्यावर लगेच न उठता क्षणभर बसून राहायचे आणि दोन राइडमध्ये सावलीत अंतर ठेवायचे. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी वजन घटवणाऱ्यांची गोष्टही याच्या जवळपासची असते. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि मळमळ हा त्यांचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. मात्रा वाढवल्यानंतरच्या लगतच्या दिवसांत गोल फिरणाऱ्या राइड टाळणे शहाणपणाचे. शस्त्रक्रिया अगदी ताजी असेल तर चर्चेला जागाच नाही. पोटावरील जखमा आतून भरून येईपर्यंत तेथे बारचा दाब पडता कामा नये, आणि तो काळ किती हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचे असते.

प्रकरण सध्या कुठे आहे

बहिणीला उंच टेकड्यांचा कोस्टर आता आवडतो, पण तिसऱ्या फेरीचा आग्रह त्या धरत नाहीत. गोल फिरणाऱ्या राइड त्यांनी सोडून दिल्या, कारण वजन जास्त असतानाही त्या त्यांना मुळीच आवडत नसत. बसण्याची परवानगी नसल्यामुळे न बसणे आणि आवडत नाही म्हणून न बसणे यांतला फरक त्यांना पहिल्यांदाच मोकळेपणाने अनुभवता आला, असे त्या सांगतात.

भावाच्या वजनात विशेष बदल झालेला नाही. तो दहा किलोंनी उतरला तरी धडाची उंची आणि खांद्यांची रुंदी तितकीच राहील, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या ओळीची गरज कदाचित कायमची आहे. लॅप बारच्या राइडवर त्याला अजून कुठे अडचण आलेली नाही. कोणत्याही नव्या उद्यानात गेल्यावर तो आधी पाहुण्यांच्या सेवा कक्षात जातो, ओळीचा क्रमांक विचारतो आणि तो क्रमांक मिळाला नाही तर नमुना आसन शोधतो. एका उद्यानात त्याला दोन्ही मिळाले नाहीत. तेथे हार्नेसच्या राइडपुढची रांग पाहून तो तिच्यात शिरलाच नाही, मुलांना पाठवले आणि स्वतः शेजारच्या लॅप बारच्या कोस्टरकडे वळला. बहीण त्याच्यासोबत गेली, आणि दोघांनी वेगवेगळ्या ओळी मागून घेतल्या.